मदत हवी आहे: ऑक्टेव्हमध्ये स्पार्स मॅट्रिक्सची सममिती मोडतेय

मंडळी, लोखंडी ठोकळ्यातला उष्णतेचा प्रवाह ऑक्टेव्हमध्ये (गणिती आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर) सोडवतोय. जाळी १०० × १०० × १००, म्हणजे १० लाख अज्ञात. पूर्ण मॅट्रिक्स ठेवली तर ८ टेराबाइट लागतील. स्पार्समध्ये (फक्त शून्य नसलेल्या नोंदी साठवल्या की) जेमतेम १२० एमबी. इथपर्यंत झकास.

आधी लूपमध्ये एकेक नोंद भरत होतो, चहा पिऊन आलो तरी चालूच! मग तीन याद्या (ओळ, स्तंभ, किंमत) करून स्पार्स फंक्शनला एकदाच दिल्या. काही सेकंदांत काम झालं. त्याच जागेची नोंद दोनदा आली तर ते बेरीज करतं, हेही तेव्हाच कळलं.

घोळ पुढे आहे. तळाच्या १०,००० बिंदूंचं तापमान १०० अंशांवर बांधायचंय. त्यासाठी प्रत्येक ओळ शून्य करून कर्णावर १ ठेवतो. हे भयंकर हळू चालतं (साठवण स्तंभांनुसार, आणि मी छेडतोय ओळी), वर सममितीही (कर्णाच्या दोन्ही बाजू सारख्या असणं) जाते. मग पीसीजी (सममित मॅट्रिक्ससाठीची, टप्प्याटप्प्याने उत्तराकडे जाणारी पद्धत) भरकटतं, आणि बॅकस्लॅश (एका झटक्यात थेट उत्तर काढणारी खूण) वापरला की ८ जीबीचा लॅपटॉप मेमरी संपली म्हणून हात टेकतो.

ते बिंदू ओळ-स्तंभांसकट काढून टाकून त्यांचा वाटा उजव्या बाजूला न्यावा का? एका मित्राने कर्णावर १०^२० टाकायला सांगितलं, पण मला ते जुगाडच वाटतं. आणि अपूर्ण कोलेस्कीसाठी (पीसीजीला वेग देणारी मॅट्रिक्सची अंदाजे फोड) ड्रॉप टॉलरन्स (ज्याखालच्या छोट्या नोंदी टाकून देतात ती मर्यादा) कितीपासून सुरू करू? कुणी असं काही प्रत्यक्ष केलं असेल तर दोन-चार ओळींचा कोड टाका, प्लीज.