दूध 'पडलं' की 'सांडलं'?

शहापूरकर: परवा एका पुणेकर बाईंनी लिहिलं, "बेळगावकडचे लोक कानडीच्या संगतीनं 'सांडलं' विसरले, 'दूध पडलं' म्हणतात." डोकंच फिरलं. कानडीत दूध पडत नाही हो! बीळू म्हणजे पडणे. दुधाला चेल्लू, पानांना नि केसांना उदुरू. आपलं पडणे, सांडणे, गळणे आहे तसंच. सगळ्याला एकच 'गिरना' लावायची खोड हिंदीची.

पुण्याहून: पोस्ट माझीच. तीन वर्षं बेळगावच्या टिळकवाडीत काढली आहेत. शेजारच्या काकू फरशी पुसता पुसता "चहा पडला बघ" म्हणायच्या. आणि हिंदीतही पानं झडतात, बरं का.

शहापूरकर: पानांचं मागे घेतो. दुधाचं नाही.

खानापूरकर: आमच्या कणकुंबीला पाऊससुद्धा पडत नाही, कोसळतो! आजी कानडी शाळेत शिकलेली. मुठीतून चार तांदूळ निसटले तरी "सांडलवंड करू नको" म्हणून ओरडायची. पसायदानातल्या 'खळांची व्यंकटी सांडो'चा अर्थही तिनंच सांगितला, वाकडेपणा गळून जावो. तिला कुणी शब्द विसरायला लावला?

निपाणीकर: दुधाचं ऱ्हाऊ दे. 2014 ला बेळगावचं 'बेळगावी' केलं तेव्हा हे शब्दप्रेमी कुठं होते? माझ्या मुलीच्या शाळेत दोन वर्षं मराठीला मास्तर नव्हता.

पुण्याहून: विषय क्रियापदाचा आहे.

निपाणीकर: तुमच्यासाठी! मास्तर नसला तर पोर 'सांडलं' शिकणार कुठं?

वडगावकर: घरी. माझी आई कानडी, वडील मराठी. मागाजवळ खळीचं भांडं कलंडलं की आई भावाला "चेल्लितु" म्हणते आणि त्याच दमात वडलांना "सांडलं". दोन्ही भाषा नीट येणाऱ्याची गफलत होत नाही. उठसूट कानडीवर खापर फोडणं बंद करा.

निपाणीकर: म्हणजे नुसत्या कानडी पाट्या लागल्या तरी गप्प बसायचं?

वडगावकर: पाटीचं भांडण माझ्या आईवर काढू नका. मराठी पाटीसाठी मीही मोर्चात चाललोय.

निपाणीकर: आईंना काही बोललो नाही. तसं वाटलं असेल तर चुकलं. खरं, पाटीचं सोडणार नाही.

पुण्याहून: चेल्लू ठाऊक नव्हतं. कानडीवरचा ठपका काढते. काकूंचं 'पडला' मात्र या कानांनी ऐकलंय, ते कसं नाकारू?

शहापूरकर: नाकारू नका. एका काकूवरून जिल्हा मोजू नका, एवढंच.

निपाणीकर: आणि मास्तरांचं?