मदत हवी आहे: रिवॉर्ड पॉइंट पोर्टलवर वापरावेत की माइल्समध्ये बदलावेत?

प्रश्न

कार्डावर १,२०,००० रिवॉर्ड पॉइंट जमा आहेत. दोघांची एका बाजूची तिकिटं काढायची आहेत, तारीख चार-पाच दिवस मागेपुढे चालेल. बँक दोन पर्याय देते. एक, बँकेच्याच ट्रॅव्हल पोर्टलवर तिकीट, तिथे एका पॉइंटची किंमत ०.५० धरतात. दुसरा, एअरलाइनच्या फ्रीक्वेंट फ्लायर खात्यात (जिथे माइल्स जमा होतात आणि ते देऊन तिकीट काढता येतं) ट्रान्सफर, दोन पॉइंटला एक माइल.

रोख भाडं माणशी ४०,००० आहे (चलन कुठलंही धरा, सगळे आकडे एकाच चलनातले). एअरलाइनच्या तक्त्यात याच मार्गाला माणशी २५,००० माइल्स आणि वर टॅक्स लिहिलाय.

विचारायचं ते असं:
१. कोणता पर्याय फायद्याचा, हे आकड्यांत कसं ठरवायचं?
२. सगळे पॉइंट आत्ताच ट्रान्सफर करून मग सीट शोधावी का?
३. विमान ज्या एअरलाइनचं आहे तिच्या साइटवर अवॉर्ड सीट (माइल्स देऊन मिळणारी) दिसते, पण ज्या पार्टनर एअरलाइनकडे माइल्स टाकायचे आहेत तिथे दिसत नाही. असं का होतं?

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. ट्रान्सफर आधी करू नका. बँकेतून एअरलाइनकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. सीट मिळाली नाही, तरी ते त्या एकाच एअरलाइनच्या माइल्स कार्यक्रमात अडकून पडतात आणि त्यांना तिथल्या मुदतीचे नियम लागतात. उदाहरणार्थ, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमाचे माइल्स साधारण ३ वर्षांत संपतात. बँकेत असेपर्यंत मात्र तेच पॉइंट हव्या त्या पार्टनरकडे नेता येतात.

क्रम असा ठेवा. आधी फ्रीक्वेंट फ्लायर खातं उघडा. त्यावरचं नाव कार्डावरच्या आणि पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही ट्रान्सफर फेटाळली जाते. मग खात्यात लॉगिन करून सीट शोधा. सीट दिसली की थेट पैसे भरायच्या पानापर्यंत जा, म्हणजे एकूण माइल्स आणि टॅक्सचा नेमका आकडा कळतो. त्यानंतरच ट्रान्सफर करा, आणि तीही लागेल तेवढीच. पुष्कळ बँका ठरावीक पटीतच ट्रान्सफर करू देतात, त्यामुळे थोडे जास्त जातील. तेवढं चालतं.

ट्रान्सफरला लागणारा वेळ हाच मोठा धोका आहे. काही बँक-एअरलाइन जोड्यांत माइल्स मिनिटांत पोचतात, काहींत कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. म्हणून दुसऱ्या तारखेची किंवा दुसऱ्या विमानाची एक पर्यायी सीट हेरून ठेवा. फोनवर अवॉर्ड सीट होल्ड करून देतात का, तेही विचारा. सगळे देत नाहीत, पण देणारे आहेत.

दुसऱ्या प्रवाशाचंही आत्ताच बघा. काही कार्यक्रमांत दुसऱ्याचं तिकीट काढायला त्याचं नाव आधी नॉमिनी म्हणून नोंदवावं लागतं. क्रिसफ्लायरमध्ये असे ५ नॉमिनी ठेवता येतात.

प्रतिसाद २

पहिल्या प्रश्नाचं सूत्र: रोख भाड्यातून अवॉर्ड तिकिटावर भरावी लागणारी रोख रक्कम वजा करा आणि उरेल त्याला बँकेच्या पॉइंटांनी भागा. माइल्सनी भागलंत तर तुमच्या २:१ दरात उत्तर दुप्पट फुगतं. ही चूक फार जण करतात.

तुमच्या उदाहरणात २५,००० माइल्स म्हणजे ५०,००० पॉइंट. टॅक्स ६,००० असेल तर (४०,००० − ६,०००) ÷ ५०,००० = ०.६८. पोर्टलच्या ०.५० पेक्षा बरंच चांगलं. पण त्याच तिकिटावर सरचार्ज धरून १६,००० भरायचे असतील तर २४,००० ÷ ५०,००० = ०.४८, आणि मग पोर्टल सरस ठरतं. म्हणजे निर्णय माइल्सच्या तक्त्यावर नव्हे, या रोख रकमेवर होतो.

त्या रकमेत विमानतळाचे आणि सरकारी कर असतात, ते कोणालाच चुकत नाहीत. त्याखेरीज एअरलाइन स्वतः लावते तो सरचार्ज. भाड्याच्या तपशिलात तो वायक्यू (YQ) किंवा वायआर (YR) या कोडखाली दिसतो. तो मात्र माइल्स कुठल्या कार्यक्रमाचे आहेत त्यावर बदलतो. युनायटेडचं माइलेजप्लस आणि एव्हियांकाचं लाइफमाइल्स हे कार्यक्रम अवॉर्ड तिकिटावर तो सहसा लावत नाहीत. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या विमानांवर तो बराच असतो. एव्हिओस (काही एअरलाइन्सच्या सामायिक माइल्सचं नाव) तर ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, कतार, फिनएअर अशा खात्यांमध्ये १:१ हलवता येतात, म्हणून तेच विमान दोन-तीन खात्यांतून उघडून रोख आकडा ताडून पाहा.

पोर्टलचं तिकीट सहसा रोख तिकिटासारखंच धरलं जातं, त्यावर माइल्स मिळतात. अवॉर्ड तिकिटावर मिळत नाहीत. हा फरक फार मोठा नसतो, पण दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे आले तर पारडं पोर्टलकडे झुकवतो. एक मात्र तपासा: पोर्टलवरचं भाडं एअरलाइनच्या साइटवरच्या भाड्याइतकंच आहे ना? तिथे भाडं चढं असेल तर तो ०.५० नावापुरताच राहतो.

प्रतिसाद ३

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. एअरलाइन स्वतःच्या सदस्यांना जेवढ्या अवॉर्ड सीट देते, तेवढ्या पार्टनरना देत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या लांबच्या मार्गांवरचा बिझनेस क्लास याचं ठळक उदाहरण: त्या सीट बहुतांशी क्रिसफ्लायरमधूनच मिळतात. अशा वेळी पार्टनरकडे माइल्स टाकण्यात अर्थ नाही.

उलटही घडतं. पार्टनरच्या साइटवर सीट दिसते आणि शेवटच्या पायरीवर एरर येतो. ही फँटम सीट, म्हणजे जुनी माहिती साइटवर तशीच राहिलेली असते. त्याच अलायन्समधल्या (एअरलाइन्सच्या गटातल्या) आणखी एका कार्यक्रमाच्या साइटवर तेच विमान, तीच तारीख शोधा. दोन्हीकडे दिसलं तर सहसा खरं असतं. तरी शंका वाटली तर कॉल सेंटरला विमान क्रमांक देऊन विचारा, आणि मगच ट्रान्सफर.

शोधताना दोघांसाठी निकाल आला नाही तर एकासाठी शोधून बघा. एकच सीट शिल्लक असेल तर तसं लगेच कळतं. कनेक्टिंग प्रवासात पूर्ण मार्ग न मिळाल्यास एकेक टप्पा शोधा. मात्र टप्पे सुटे दिसले म्हणून एका तिकिटावर जोडता येतीलच असं नाही, आणि कधी पूर्ण मार्गावर सीट असते पण सुट्या टप्प्यावर नसते.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. पैसे भरायच्या पानापर्यंत गेल्यावर पार्टनर विमानासाठी माणशी २५,००० माइल्स आणि ७,२०० रोख दिसतात, म्हणजे ०.६५६. दुसऱ्या कार्यक्रमाच्या साइटवरही सीट दिसतेय, दोघांसाठी. तिकीट निघाल्यावर काय तपासायचं? आणि उरलेले २०,००० पॉइंट?

प्रतिसाद १

सहा अक्षरांचा पीएनआर आला म्हणजे तिकीट निघालं असं समजू नका. १३ अंकी ई-तिकीट क्रमांक यायला हवा, प्रत्येक प्रवाशाचा वेगळा. फक्त पीएनआर असेल तर ते नुसतं बुकिंग आहे आणि ते आपोआप रद्द होऊ शकतं. दिवसभरात क्रमांक आला नाही तर फोन करा. त्याच फोनवर विमान चालवणाऱ्या एअरलाइनचा पीएनआर मागून घ्या, तो बऱ्याचदा वेगळा असतो आणि त्यावरच सीट निवडता येते.

वेळापत्रक बदललं तर ज्या कार्यक्रमाने तिकीट काढलं त्याच्याकडेच जा. विमान चालवणारी एअरलाइन सहसा तिकडेच पाठवते. रद्द केलंत तर शुल्क कापून माइल्स एअरलाइनच्या खात्यात येतात, बँकेत नाही. त्यामुळे रद्द करायचे नियम ट्रान्सफरच्या आधीच वाचा.

उरलेले २०,००० बँकेतच राहू द्या, फक्त त्यांची मुदत बघून ठेवा.

प्रतिसाद २

एक भर घालतो. टॅक्सचे ७,२०० परकीय चलनात आकारले जात असतील तर कार्डाचा मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावरचं जादा शुल्क) वर लागेल. मार्कअप कमी असलेलं कार्ड वापरा. कार्डाचा प्रवास विमा धरून चालला असाल तर त्याची अट वाचा. काही कार्डांवर पूर्ण भाडं त्याच कार्डाने भरलं तरच विमा लागू होतो, नुसता टॅक्स भरून नाही.