ए६४ बोर्डवर डेबियनची प्रतिष्ठापना शेवटच्या पायरीवर अडते

कुळागर_वाळपई
नमस्कार. आमच्या कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागेतील) पंप आणि टाकीची पातळी यांवर लक्ष ठेवण्यासाठी ऑलविनर ए६४ चिप असलेला एक छोटा बोर्ड घेतला आहे. एसडी कार्डवर यू-बूट (बोर्ड चालू होताच प्रथम चालणारा प्रोग्राम) आहे आणि त्याच कार्डवर मी पेनड्राइव्हमधून डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवत आहे. सर्व काही सुरळीत होते, पण अखेरीस ग्रब (यू-बूटनंतर लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) बसवताना चूक येते आणि ईएफआय व्हेरिएबल, म्हणजे काय सुरू करायचे याच्या जपून ठेवलेल्या नोंदी, लिहिता येत नाहीत असे लॉगमध्ये दिसते. बोर्ड सदोष असावा का?

सिरियल_केबल
बोर्डाला दोष देऊ नका. ईएफआय म्हणजे प्रणाली सुरू करण्याची ठरलेली पद्धत; यू-बूट तिचा आवश्यक तेवढाच भाग पुरवतो. लिनक्स सुरू झाल्यानंतर व्हेरिएबल लिहिण्याची सोय त्याच्या बहुतेक मांडण्यांत नसते, त्यामुळे ग्रबला स्वतःची नोंद करता येत नाही. मात्र अशी नोंद सापडली नाही, तर यू-बूट ईएफआय विभाजनातील ‘ईएफआय/बूट/बूटएए६४.ईएफआय’ ही ठरलेली फाइल शोधतो. म्हणून नव्या प्रणालीत क्रूट करून (म्हणजे कार्डवरील प्रणालीच्या आत शिरून) ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा ‘रिमूव्हेबल’ आणि ‘नो-एनव्हीरॅम’ या पर्यायांसह चालवावी. पुढे ग्रब अद्ययावत होताना हाच घोळ होऊ नये, यासाठी डीपीकेजी-रीकॉन्फिगर या आज्ञेने ग्रबची मांडणी पुन्हा विचारली जाते, तेथे काढता येणाऱ्या माध्यमाच्या मार्गावरही प्रत ठेवण्यास होकार आणि एनव्हीरॅम (व्हेरिएबल साठवण्याची जागा) बदलण्यास नकार द्यावा.

कुळागर_वाळपई
आपण सांगितल्याप्रमाणे केले आणि चूक गेली, पण आता बोर्ड मुळीच सुरू होत नाही. सिरियल केबलने जोडलेल्या पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही.

फोंड्याचा_वाचक
प्रतिष्ठापनेत कार्डवर नवा जीपीटी तक्ता (विभाजनांची यादी) केला होता का? ए६४ मधील बूटरॉम (चिपमधीलच पहिला प्रोग्राम) यू-बूटचा पहिला टप्पा कार्डच्या सुरुवातीपासून ८ केबीवर, म्हणजे १६व्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे कार्डचा ५१२ बाइटचा भाग) शोधतो, आणि जीपीटीचा तक्ता २ ते ३३ हे सेक्टर व्यापतो. दोघांची जागा एकच असल्याने तक्ता लिहिताच यू-बूट पुसला जातो, आणि त्याचे काम बोर्ड सुरू होतानाच झालेले असल्याने पुन्हा सुरू करेपर्यंत काहीच कळत नाही. हीच चिप १२८ केबीवरही, म्हणजे २५६व्या सेक्टरवर शोध घेते. दुसऱ्या संगणकावरून यू-बूट तेथे लिहा. पहिले विभाजन १ एमबीपासून सुरू होत असेल, तर ८९६ केबी जागा मिळते. फाइल तेवढ्यात मावते का, हे आधी पाहा.

कुळागर_वाळपई
होय, तक्ता नवाच होता. यू-बूट २५६व्या सेक्टरवर लिहिला आणि बोर्ड सुरू झाला. दुपारी दोनदा वीज गेली, तरी तो आपोआप उठला. दोघांचेही आभार.