द्विशिक्षकी शाळेत सहकारी बाईंशी मैत्री करावी की अंतर ठेवावं?

नवी_शिक्षिका:
पवित्र पोर्टलमधून (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) निवड होऊन या जूनपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक आहे. घर लांब, मानधन १६,००० रुपये, त्यातूनच खोलीभाडं. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या बाईंकडे. त्या वयाने बऱ्याच मोठ्या आहेत, पण मायाळू. शाळा सुटल्यावर त्यांच्याशी बोलत थांबावंसं वाटतं. ओळखीचे शिक्षक मात्र बजावतात, "कामापुरतं बोल. जवळीक वाढली की त्यांची कामंही तुझ्या गळ्यात पडतील." खरंच असं होतं का?

डोंगरवाट:
ताई, द्विशिक्षकी शाळेत कामं गळ्यात पडतातच, मैत्री असो वा नसो. एक जण प्रशिक्षणाला, बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामाला किंवा केंद्रशाळेत गेली की चारही वर्ग मागे राहिलेल्या बाईंकडे येतात. मैत्रीण असेल तर ती जाताना सांगून जाते: चौथीला आज कोणता उतारा द्यायचा, पहिलीच्या पोरांजवळ कोणाला बसवायचं, कोणाच्या घरी काल रात्री भांडण झालंय म्हणून त्याला आज रागवायचं नाही. नाहीतर टेबलावर नुसता हजेरीपट सापडतो.

माझी नोकरी नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागात झाली. जोडीच्या बाईंशी सुरुवातीला जेमतेम बोलणं होतं. आम्ही जवळ आलो त्या वजाबाकीमुळे. माझी दुसरीची निम्मी पोरं ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहायची. हातचा कितीही समजावला तरी तेच. शेवटी मी त्यांना म्हटलं, "बाई, जरा मागे बसून बघता का?" त्यांनी आपल्या वर्गाला चित्रं काढायला दिली आणि माझ्या पोरांमध्ये येऊन बसायच्या पट्टीवर बसल्या. मला फळ्याजवळून दिसत नव्हतं ते त्यांना वह्यांत दिसलं. पोरं वरचा अंक कोणता, खालचा कोणता हे बघतच नव्हती, मोठ्यातून लहान काढत होती. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. दुसऱ्या दिवशी पोरांपुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हटलं, "मला सात सुट्या द्या." थोडा वेळ सगळी गप्प. मग एका पोरीने आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढलं. बाईंनी माझा हात असा दाबला की काय सांगू!

"माझ्या पोरांना हे येत नाहीये" हे साहेब वर्गावर आलेले असताना बोलायची सोय नसते. मैत्रिणीपाशी बोलता येतं, आणि ते बोलल्याशिवाय पोरांचं अडलेलं सुटत नाही. एवढ्यासाठी तरी शाळेत एक जिवाभावाचं माणूस हवं, असं माझं ठाम मत आहे.

पदभार_सर:
मैत्री जरूर करा, कागद मात्र चोख ठेवा. पोषण आहाराचा तांदूळ प्राथमिकला मुलामागे १०० ग्रॅम. हजेरी आणि साठा जुळलाच पाहिजे, कारण जबाबदारी सही करणाऱ्याची. मुख्याध्यापकाचा पदभार माझ्या जवळच्या मित्राकडे असताना आम्ही दर शनिवारी दोघे मिळून साठा मोजायचो. त्याला कधी त्यात अविश्वास दिसला नाही. मोकळेपणाने हिशेब विचारता येत नसेल तर ती मैत्री कच्ची समजा.

डोंगरवाट:
सरांशी पूर्ण सहमत. आमच्याकडेही सह्या दोघींनी वाचूनच व्हायच्या.

एक आठवलं. सावित्रीबाई फुले आजारपणात माहेरी नायगावला होत्या, तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ ला त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. त्यात त्यांच्यासोबत शिकवणाऱ्या फातिमाचा उल्लेख आहे: तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. स्वतः अंथरुणावर असताना पुण्यात मागे राहिलेल्या सोबतिणीवर किती भार पडला असेल, हे त्यांच्या मनात आहे. ती निभावून नेईल ही खात्रीही आहे. जोडीची बाई आजारी पडल्यावर चार वर्ग ज्याने एकट्याने सांभाळलेत, त्याला ही ओळ लगेच कळते.

नवी_शिक्षिका:
वाचून धीर आला. पण बाई पुढच्या बदल्यांत जाणार आहेत. मग?

डोंगरवाट:
माझ्या बाईही बदलून गेल्या. अजून धडा अडला की फोन त्यांनाच जातो. भागाकारावरून तर आमची तासभर हुज्जत झाली. तुमच्या बाई जातील तेव्हा जातील, तोवरचे महिने वाया घालवू नका. शिवाय महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, शेजारच्या शाळांतल्या बायका भेटतात. तिथे मागच्या रांगेत एकट्या बसू नका.

आणि सोमवारी शाळा सुटली की बाईंना थांबवा. दुसरीतलं जे पोर जोडाक्षराला अडतं, त्याचं वाचन त्यांना ऐकवा. काय म्हणतात ते इथे कळवा.