बऱ्याच वर्षांनी दातांच्या दवाखान्यात जायचे आहे, सुरुवात कशी करावी?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४८ असून मी गावातल्याच एका शाळेत नोकरीला आहे. दातांच्या डॉक्टरांकडे जाणे मी कित्येक वर्षे टाळत आलो आहे आणि आता ते टाळता येण्यासारखे राहिलेले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

टाळण्यामागचे कारण आधी सांगतो. तरुणपणी माझी एक किडलेली दाढ काढली होती. गाल सुजलेला असतानाच मी गेलो होतो. भुलीचे इंजेक्शन दिले, पण ती जागा पुरती बधिर झालीच नाही. मी हात वर करून थांबायला सांगितले, तेव्हा ‘एवढे काही होत नाही, जरा सोसा’ असे म्हणून काम तसेच पुढे चालू ठेवले गेले. त्यानंतर त्या खुर्चीत बसायचे नुसते मनात आले तरी हातापायांना घाम सुटतो.

आजची स्थिती अशी आहे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला टणक पिवळा थर साचला आहे आणि ब्रश करताना रक्त येते. वरची उजवीकडची दाढ गेल्या पावसाळ्यात रात्र रात्र ठणकत होती, मग औषधाशिवायच दुखायची थांबली. आता तिचा एक कोपरा तुटला आहे, त्यामुळे मी डावीकडूनच चावतो. समोरचा एक दात किंचित हलतो. दुखत काहीच नाही, पण तोंडाला वास येतो हे मला जाणवते आणि वर्गात मुलांच्या जवळ उभे राहून बोलताना संकोच वाटतो.

भीतीपेक्षाही शरम मोठी आहे. तोंड उघडल्याबरोबर ‘इतकी वर्षे काय करत होता?’ असे कोणी विचारले, तर माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या दिवशी जाऊन नेमके काय सांगावे? सगळी कामे एकदम अंगावर घेतील का? दात साफ करून घेतले की ते हलू लागतात असे आमच्याकडे सगळे सांगतात, त्यात कितपत तथ्य आहे? बेळगावात खासगी दवाखाना बरा की दंत महाविद्यालय? मला कन्नड कामापुरतेच येते, त्याचीही अडचण होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दाढदुखी_दंतवैद्य (बेळगाव)

नमस्कार. मी दंतवैद्य आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शरमेबद्दल आधी बोलू. दुखल्याशिवाय दातांच्या दवाखान्यात न येणे ही आपल्या भागातली सर्वसाधारण रीत आहे, त्यामुळे तुम्ही वर्णन केले तसे तोंड आम्ही नेहमी पाहतो. जो डॉक्टर पहिल्याच भेटीत रुग्णाला बोल लावतो, तो स्वतःच्याच कामात अडथळा आणतो, कारण दुखावलेला रुग्ण पुन्हा येत नाही आणि अर्धवट उपचार निरुपयोगी ठरतात. तुम्ही आत गेल्यावर एवढेच सांगा: ‘मी पुष्कळ वर्षांनी आलो आहे, पूर्वीच्या अनुभवामुळे मला भीती वाटते, आज मला फक्त तपासणी आणि एक्स-रे करून हवा आहे.’ हे मागणे पूर्णपणे रास्त आहे. सूज किंवा ताप नसेल, तर पहिल्या दिवशी दातावर काहीही करण्याची गरज नसते. हिरडी आणि दात यांच्यामधली फट किती खोल गेली आहे हे खुणा असलेल्या बारीक सळईने मोजतात, हलणारे दात पाहतात आणि संशयित दाढेचा एक्स-रे काढतात. त्यानंतर कोणते काम आधी, कोणते नंतर आणि खर्च किती, हे लिहून मागावे. तो कागद घेऊन घरी जावे आणि सावकाश ठरवावे.

आता तुमच्या जुन्या अनुभवाविषयी. भूल न चढणे हा तुमच्या मनाचा खेळ नव्हता. जिथे पू आणि सूज असते तिथल्या पेशींभोवती आम्लता वाढलेली असते आणि भुलीचे औषध अशा जागी नीट काम करत नाही. अशा वेळी थांबावे लागते, आणखी औषध द्यावे लागते, नस ज्या मार्गाने येते तिथे दूरवर इंजेक्शन द्यावे लागते, किंवा आधी पूचा निचरा करून दाढ नंतर काढावी लागते. तुम्ही हात वर केल्यावर काम थांबायला हवे होते. नव्या डॉक्टरांना ही हकीकत जरूर सांगा आणि हात वर केला की थांबायचे, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. भूल चढल्यावरही दाब आणि ओढ जाणवते, ती जाणीव जात नाही. टोचल्यासारखी कळ मात्र येता कामा नये. सूज नसताना गेलात तर भूल चांगली चढते, म्हणून दुखत नाही तोवरच जाण्यात तुमचा फायदा आहे.

ठणकून थांबलेल्या दाढेबद्दल माझा आग्रह आहे. दाढ आपोआप बरी होत नसते. कीड आतल्या नसेपर्यंत गेली की ठणका लागतो आणि ती नस मेली की ठणका थांबतो, पण जंतुसंसर्ग मुळाच्या टोकापाशी हाडात चालूच राहतो. एक्स-रेमध्ये तो बहुधा मुळाशी काळसर डागासारखा दिसतो. दाताचा पुरेसा भाग शिल्लक असेल आणि हाडाचा आधार चांगला असेल तर रूट कॅनॉल करून वर कॅप बसवता येते, नसेल तर दाढ काढावी लागते. हा निर्णय एक्स-रे पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये आणि तुम्हीही मनात आधीच ठरवून जाऊ नका. मात्र गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. सुजेवर बाहेरून गरम शेक देऊ नये. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची सवयही वाईट आहे, तिने हिरडी आणि गाल आतून भाजतात.

साफसफाईने दात हलतात हा समज खोटा आहे, पण तो कशामुळे पसरला ते समजून घ्या. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेखाली, लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात. लाळेतल्या क्षारांमुळे दातांवरचा मऊ थर तिथे लवकर कडक होतो आणि त्याचे कीटण बनते. कीटणाच्या आसऱ्याने हिरडी सुजते आणि तिच्याखालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. हे बहुतेक वेळा न दुखता होते. बांधाची माती पावसाने वाहून गेली तरी गवताच्या जाळीमुळे ती धरून राहिल्यासारखी दिसावी, तसे कीटण दातांना एकमेकांशी जखडून ठेवते. ते काढले की आधीच झालेली झीज उघडी पडते, दातांमध्ये फटी दिसतात आणि काही दिवस गार पाणी झोंबते. लोक दोष सफाईला देतात. कीटण काढणारे यंत्र सूक्ष्म कंपनांनी आणि पाण्याच्या फवाऱ्याने काम करते, त्याने दाताचा वरचा थर खरवडला जात नाही. हिरडीच्या खाली खोल साफ करायचे असेल तर ती जागा बधिर करून, एक-एक बाजू घेऊन, वेगवेगळ्या भेटींत ते काम करतात. सुजलेल्या हिरडीचे रक्त त्यानंतर थांबू लागते आणि किंचित हलणारा दातही पुष्कळदा घट्ट झाल्यासारखा वाटतो.

निपाणीची_लेक

डॉक्टरांनी सर्व सांगितलेच आहे. माझा अनुभव आईच्या संदर्भातला आहे, पण आपल्या भागात अनेकांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. दादा, तुम्ही तंबाखूचा उल्लेख केलेला नाही. तुम्हाला सवय नसेल तर उत्तमच, पण हे वाचणाऱ्या बऱ्याच घरांत मिशरी असणार.

आमच्या निपाणीकडे तंबाखूचे पीक आणि विडीचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा आहे, त्यामुळे बायकांच्या हाताला मिशरी सहज लागते. आई सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, तिची काळी भुकटी डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर घासून बराच वेळ तशीच तोंडात धरायची. दात दुखले की तिचा तोच उपाय होता, कारण मिशरीने जागा सुन्न होते. दातांच्या डॉक्टरांकडे न जाण्याचे तिचे खरे कारण मला फार उशिरा समजले. डॉक्टर मिशरी बंद करायला लावतील, याचीच तिला भीती होती.

तपासताना डॉक्टरांनी खालचा ओठ बाहेर ओढून पाहिला. ती जिथे रोज भुकटी ठेवायची, नेमक्या त्याच जागी हिरडी आणि ओठ यांच्या मधली त्वचा पांढरट आणि सुरकुतलेली झाली होती. त्यांनी ती जागा मला दाखवली, तिचा फोटो काढून ठेवला आणि मिशरी थांबवून पुन्हा दाखवायला सांगितले. रागावले मुळीच नाहीत. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, किंवा पांढरा अथवा लाल चट्टा तसाच राहिला, तर लगेच दाखवायचे आणि गरज पडल्यास त्याचा तुकडा काढून तपासायचा, असे त्यांनी समजावले. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते, उभी धरलेली तीन बोटे दातांमध्ये बसेनाशी होतात, तोही धोक्याचा इशारा आहे. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र खाणे थांबलेले नाही, हे सगळ्यांना दिसतेच.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. मिशरी सोडल्यावर आईच्या हिरड्यांतून आधीपेक्षा जास्त रक्त येऊ लागले आणि ‘बघ, मिशरीनेच दात धरून ठेवले होते’ असे ती म्हणू लागली. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी दिसते आणि तंबाखू सुटली की ते दिसू लागते, हे डॉक्टरांनी तिला तिच्याच बोलीत समजावले, तेव्हा ती पुन्हा डबीकडे वळली नाही.

शहापूरकर (बेळगाव)

महाविद्यालयाविषयी विचारले आहे, त्याबद्दल लिहितो. बेळगावात नेहरूनगरातले केएलई संस्थेचे विश्वनाथ कत्ती दंतविज्ञान महाविद्यालय आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंतविज्ञान महाविद्यालय अशी दोन महाविद्यालये आहेत. मी उपचार महाविद्यालयातच घेतले आहेत. तिथे आधी केसपेपर निघतो, मग निदान विभागात संपूर्ण तोंड तपासून एक्स-रे काढतात आणि त्यानंतर हिरड्या, रूट कॅनॉल, दात काढणे, कृत्रिम दात अशा त्या त्या विभागात पाठवतात. काम विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन पाहतात आणि त्यांच्या संमतीशिवाय विद्यार्थी पुढे जात नाही. खर्च खासगीपेक्षा कमी येतो. वेळ मात्र भरपूर लागतो, कधी अर्धा दिवस जातो. तुम्ही शाळेत नोकरीला असल्यामुळे रजेचा हिशेब आधी करा. मला विचाराल तर भीती असणाऱ्या माणसाला ही संथ गती मानवते, कारण विद्यार्थी घाई करत नाही आणि शंका विचारली की नीट उत्तर देतो.

भाषेची काळजी करू नये. तिथे कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडूनही रुग्ण येतात, मराठी समजणारे कोणीतरी असतेच. परराज्यातला विद्यार्थी वाट्याला आला तर शेजारचा मदत करतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे ते मराठीत समजावून मागा, हा तुमचा हक्क आहे.

खासगीत गेलात तर डॉक्टर दंत परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे पाहून घ्या. बाजारात बसून हलत्या दाताशेजारी एका दिवसात ‘पक्का’ दात चिकटवून देणारे अजून दिसतात. तो दात काढता येत नाही, त्याच्याखाली साफ करता येत नाही आणि शेजारचे चांगले दातही त्याच्यामुळे खराब होतात.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमच्या उत्तराने भूल न चढण्याचे कारण प्रथमच समजले. तंबाखूची सवय मला नाही. मात्र एक सांगायचे राहून गेले. मला मधुमेह आहे, त्यावर गोळ्या चालू आहेत आणि हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ राहण्यासाठी रोज एक छोटी ॲस्पिरिन दिली आहे. दाढ काढायची वेळ आली तर ती आधीच बंद करून ठेवू का? आणि उपाशी जायचे का?

दाढदुखी_दंतवैद्य (बेळगाव)

ॲस्पिरिन स्वतःहून अजिबात बंद करू नका. एखादी दाढ काढताना होणारा रक्तस्राव कापसाच्या घडीवर चावून, गरज पडल्यास टाका घालून थांबवता येतो, पण गोळी अचानक बंद केल्यास हृदयाला होणारा धोका त्याहून मोठा असतो. काही बदल करायचा असेल तर तो तुमचे हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

उपाशी जाऊ नका. स्थानिक भुलीसाठी उपास लागत नाही आणि मधुमेहाची गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. नेहमीची न्याहारी करा, नेहमीच्या गोळ्या घ्या आणि शक्यतो सकाळची वेळ मागा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्ताचा अहवाल सोबत असू द्या. साखर चढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट हिरड्यांचा उपचार नीट झाला तर साखर आटोक्यात ठेवायलाही थोडी मदत होते, त्यामुळे तुमच्या बाबतीत हिरड्यांची सफाई मागे टाकण्यासारखी नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर तसे आधी सांगावे लागते, कारण अशा रुग्णांना काही उपचारांपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते. गोळ्यांची नावे तोंडी सांगण्याऐवजी त्यांची पाकिटेच बरोबर न्या.