टाइमस्टॅम्पला ‘वेळशिक्का’ चालंल का?

प्रश्न: मंडळी, इथं कोल्हापुरात ऑफिसात नवीन पोरं आल्यात, त्यांच्यासाठी बिल्डची, म्हणजे सोर्स (लिहिलेला कोड) घेऊन चालणारं सॉफ्टवेअर तयार करायची, माहिती मराठीत लिहायला घेतलीय. एकच सोर्स घेऊन कुणीबी कुठंबी बिल्ड मारलं तर बाइट न् बाइट सारखं निघालं पाहिजे, त्याला ‘तंतोतंत बिल्ड’ म्हटलंय, ते पटलं सगळ्यांना. अडलंय टाइमस्टॅम्पवर, म्हणजे फाइलीत पडणाऱ्या तारीख-वेळेच्या नोंदीवर. ‘कालमुद्रा’ म्हटलं की पोरं हसत्यात. ‘वेळशिक्का’ कसा वाटतो?

उत्तर: ऐकायला झकास हाय पण अर्थ उलटा जातोय बघा. आवक-जावकच्या टेबलावर पत्र आलं की त्या दिवसाचा शिक्का बसतो, लिहिणाऱ्यानं वर घातलेली तारीख वेगळीच असते. आपल्याला बिल्डमधनं नेमके हे शिक्केच काढायचेत, म्हणजे सी भाषेतले डेट आणि टाइम मॅक्रो (बिल्ड मारताना तिथं त्या क्षणाची तारीख-वेळ भरली जाते), जीझिपनं दाबलेल्या फाइलीच्या हेडरमधली वेळ, टारच्या गठ्ठ्यात प्रत्येक फाइलीला चिकटलेली वेळ, कारण बिल्ड परत मारलं की ते बदलणारच. सोर्स_डेट_इपॉक ह्या बिल्डला बाहेरनं द्यायच्या सेटिंगमध्ये आपण देतो ती पत्रावरची तारीख, सोर्स शेवटचा कधी बदलला ती, 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद, यूटीसीनं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनं. कोडातल्या बदलांची नोंद ठेवायला गिट असंल तर शेवटच्या कमिटची, म्हणजे शेवटी नोंदवलेल्या बदलाची, वेळ उचलायची, जीसीसी कंपायलरच्या 7 व्या आवृत्तीपासनं ते दोन मॅक्रोपण तीच वेळ मानतात. मी तर ह्याला ‘मिती’ म्हणीन, जुन्या पत्रात लिहायचेच की.

उत्तर: मिती नको वो. आजच्या पोराला मिती म्हणजे त्रिमिती, थ्रीडी. आणि मितीत दिवस येतो, सेकंद कुठनं आणणार? सरळ ‘सोर्सची वेळ’ आणि ‘बिल्डची वेळ’ असे दोन शब्द ठेवा, आणि दोन्हीला मिळून टाइमस्टॅम्पच म्हणा, त्यात काय कमीपणा नाही.

प्रश्नकर्ता: हे बेस. मग टाइमझोनला ‘स्थानिक वेळ’ लिहू का? आमच्याकडं घोळ तिथंच होतोय, लॅपटॉपवर रात्री 1 ला बिल्ड मारलं की सॉफ्टवेअरच्या अबाउटच्या पानावर बिल्डची म्हणून 6 तारीख येत्या आणि सर्व्हर यूटीसीवर असल्यानं तिथं आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात, म्हणून 5 तारीख. कोड तोच, फाइल दोन.

उत्तर: स्थानिक वेळ आणि टाइमझोन एक नव्हं. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची, मिर्झापूरजवळची, आणि कोल्हापूर 74 च्या थोडं पुढं, म्हणजे इथला खरा सूर्य घड्याळाच्या साधारण 33 मिनिटं मागं. पंचांगवाला ‘स्थानिक वेळ’ म्हणतो ती ही. मुंबईत तर ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागं, 1955 पर्यंत चालायचा. टाइमझोनला ‘वेळपट्टा’ म्हणा, प्रमाणवेळ त्या पट्ट्यात चालणारी.

आणि झिपची गंमत वेगळीच हाय, जुन्या फॉरमॅटात तारीख-वेळ नुसती घड्याळातली लिहिली जाते, कुठल्या पट्ट्यातली ते लिहायला जागाच नाही, वर दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं. फाइलींची वेळ सोर्सच्या वेळेवर आणून ठेवली तरी कोल्हापूरच्या लॅपटॉपवरचं झिप आणि सर्व्हरवरचं झिप साडेपाच तासांनी वेगळं पडणार. तेव्हा माहितीत तिथं ‘स्थानिक वेळ’ घालूच नका, ‘मशीनवर लावलेली वेळ’ असं लिहा, आणि झिप करायच्या आधी टीझेड (मशीनचा वेळपट्टा ठरवणारी सेटिंग) यूटीसी करून घ्या हे त्याच ओळीत सांगा, खाली टीपेत टाकलं तर पोरं वाचत नाहीत.