एमआयडीसीची 32(2) ची नोटीस आली आहे, हरकत नेमकी कशी लिहायची?

प्रश्न: राजापूर तालुक्यातली सामाईक जमीन. औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याआधी हरकती मागवणारी ही नोटीस गावच्या घरी एकाच सहहिस्सेदाराच्या नावाने आली, बाकीचे सात जण मुंबई-ठाण्यात. थोडी हापूसची कलमं, बाकी सगळा कातळाचा सडा (खडकाळ पठार). सगळ्यांचा मिळून एक अर्ज चालेल का? की थेट हायकोर्टात जावं?

उत्तर 1: एकच अर्ज देऊ नका. मालकाबरोबर हितसंबंधितांनाही म्हणणं मांडता येतं, म्हणून प्रत्येक हिस्सेदाराची आणि कूळ असेल तर त्याचीही वेगळी हरकत द्या. मुदत नोटिशीतच लिहिलेली असते, ती चुकवू नका. नोटिशीवर ज्या कचेरीची सही आहे तिथेच अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्क्याशिवायच्या प्रतीने पुढे काहीच सिद्ध होत नाही.

"प्रकल्पाला विरोध आहे" एवढ्याच छापील हरकती एका ओळीत फेटाळल्या जातात. गट नंबर, हिस्सा, कलमं किती आणि किती वर्षांची, विहीर, पऱ्या (ओढा), पाणंद, सगळं लिहा. सड्यावर विशेष भर द्या. 7/12 वर तो पोटखराब्यात (लागवडीस अयोग्य भागात) असतो आणि प्रस्तावात सरळ "पडीक" होऊन बसतो. तिथे गुरं चरतात, गवत कापलं जातं, मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं, हे कागदावर आलंच पाहिजे. कातळशिल्प (कातळात कोरलेलं जुनं चित्र) असेल तर फोटो आणि अक्षांश-रेखांश जोडा. बारसूसह कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

उत्तर 2: एक चूक बरेच जण करतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यातली 70-80 टक्के संमतीची अट 1961 च्या एमआयडीसी कायद्यात नाही, हरकत तिच्यावर उभी करू नका. त्यापेक्षा तुमच्या क्षेत्राला या 1961 च्या कायद्याचं प्रकरण 6 (जमीन संपादनाचं) लागू केल्याची अधिसूचना मागवा आणि तुमचा गट नंबर तिच्या हद्दीत आहे का ते तपासा.

नोटिशीवरच हायकोर्टात रिट याचिका केली तर "आधी सुनावणी होऊ द्या" असंच बहुधा ऐकावं लागतं. पण फार थांबूही नका. 32(1) ची, म्हणजे प्रत्यक्ष संपादनाची, अधिसूचना राजपत्रात आली की त्याच दिवसापासून जमीन सरकारकडे निहित होते, म्हणजे मालकी सरकारची होते. सुनावणी झाली की लगेच रोजनाम्याची (सुनावणीच्या नोंदीची) नक्कल घ्या, शासनाकडे गेलेला अहवाल माहिती अधिकारात मागा. तुमच्या मुद्द्यांना उत्तर न देता हरकत फेटाळली असेल, तर अनुच्छेद 226 खालच्या रिटमध्ये तोच तुमचा मुख्य मुद्दा. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच.

प्रश्नकर्ता: मुंबईकरांना तारखेला येणं जमलं नाही तर?

उत्तर 1: गावातल्या हिस्सेदाराला सहीचं अधिकारपत्र द्या किंवा वकीलपत्र दाखल करा. तारीख वाढवून हवी असेल तर लेखी अर्जच द्या. तोंडी विनंती रोजनाम्यात येत नाही, तिथे फक्त "गैरहजर" लिहिलं जातं.